घाटात गॅसचा टँकर उलटला, तर…

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यातून नागफणीच्या टोकावर गेलात की सगळा बोरघाट पायाखाली दिसतो. लोहमार्ग, जुना मुंबई-पुणे रस्ता, द्रुतगती मार्ग आणि तळाशी खोपोलीकडचा मुलूख. रात्री तिथून पाहिले तर दिव्यांची रांग तुटत नाही. त्या रांगेत भाजीच्या आणि दुधाच्या गाड्या असतात, शनिवार-रविवारची पर्यटक मंडळी असतात आणि ज्वालाग्राही वायूने भरलेले टँकरही असतात. या टँकरांवाचून आपले चालत नाही. चिक्कीच्या भट्टीपासून हॉटेलच्या शेगडीपर्यंत लागणारा गॅस असाच रस्त्याने येतो. सिमेंटची गोणी, बादली, खुर्ची ज्या प्लास्टिकची होते, त्याचा कच्चा माल असलेला प्रोपिलीन वायूही याच रस्त्यांनी जातो.

३ फेब्रुवारी २०२६ च्या संध्याकाळी असाच एक प्रोपिलीनचा टँकर खंडाळा घाटात आडोशी बोगद्याजवळ उलटला आणि वायूची गळती सुरू झाली. द्रुतगती मार्गाची वाहतूक तीस तासांहून अधिक काळ कोलमडली. हजारो माणसे पाण्यावाचून, स्वच्छतागृहावाचून अडकून पडली. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यत: कोंडीची. स्फोट झाला नाही, म्हणून वायूचा विषय मागे पडला. तो मागे पडू नये, यासाठी हा लेख आहे.

त्याआधी, १३ जून २०२३ रोजी, याच पट्ट्यात कुणे गावाजवळच्या पुलावर ज्वालाग्राही द्रव वाहून नेणारा टँकर पेटला होता. जळता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडला आणि खालून जाणारी माणसेही आगीत सापडली. चार जणांचा जीव गेला. पुलावर काय घडते आहे याची खालच्यांना कल्पनाच नव्हती.

घाटातली माणसे मदतीला धावणारी आहेत. गाडी दरीत गेली की पोलिसांच्या बरोबरीने आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे लोक दोर घेऊन उतरतात. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचा ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ हा गट, द्रुतगती मार्गावरचे देवदूत पथक यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण वायूच्या टँकरचा अपघात असा आहे, की ज्यात तयारीवाचून धावून जाणारा माणूस स्वत: तर सापडतोच, शिवाय त्याच्या गाडीची एक ठिणगी इतरांचाही घात करू शकते. इथे पहिली मदत म्हणजे लांब जाणे, दुसऱ्यांना लांब नेणे आणि नेमकी खबर देणे. हे कसे करायचे, ते क्रमाने पाहू.

वायूचा स्वभाव ओळखा

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण. तो आणि प्रोपिलीन हे टँकरमध्ये द्रवरूपात, दाबाखाली भरलेले असतात. प्रोपिलीन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही तो बाहेर पडताच खदखदून वायू होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत टाकीतला दाब मोटारीच्या टायरमधील दाबाच्या पाच-सहा पट असतो. एक लिटर द्रव सांडला तर त्याचा अडीचशे लिटरांहून अधिक वायू होतो. टँकरमध्ये असा द्रव टनांनी मोजावा लागतो, हे ध्यानात घेतले की लांब जाण्याचा आग्रह का, ते कळते.

दुसरी गोष्ट, हे वायू हवेपेक्षा जड असतात. प्रोपिलीन सुमारे दीडपट. त्यामुळे ते वर निघून जात नाहीत, पाण्यासारखे उताराने वाहतात. गटार, मोरी, ओढा, नाला, तळघर, पुलाखालची जागा अशा ठिकाणी साचतात. पाणी कुठे जाते ते ज्याला माहीत आहे, त्याला वायू कुठे जाईल याचाही अंदाज येतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला आणि शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत कोंडले. वर मावळे होते, खाली अरुंद वाटेत अडकलेली फौज होती. या मुलखाचा हा जुना धडा वायूच्या बाबतीतही खरा आहे: खोलगटात सापडला तो अडकला, उंचावर राहिला तो वाचला.

तिसरी गोष्ट ठिणगीची. हवेच्या शंभर भागांत प्रोपिलीनचे दोन ते अकरा भाग मिसळले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. स्वयंपाकाच्या गॅसचेही जवळपास असेच आहे. म्हणजे शंभरात दोन भाग एवढा विरळ वायूही पुरेसा. पेटायला मोठा जाळ लागत नाही. गाडीचा स्टार्टर, विजेचे बटण, विडी, चूल, इतकेच काय, घासून उडालेली ठिणगीही पुरते. पेटलेली ज्वाळा मग वायूच्या वाटेने मागे धावत टँकरपर्यंत जाते.

चौथी गोष्ट वासाची, आणि इथे फसगत होते. घरच्या गॅसचा उग्र वास त्याचा स्वत:चा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे रसायन मुद्दाम मिसळतात. कारखान्याला जाणाऱ्या वायूत ते असेलच असे नाही. प्रोपिलीनला फिकट गोडसर वास असतो, तो नाकाला जाणवेलच याची खात्री नाही. तेव्हा ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ हा हिशेब टँकरपाशी चालत नाही.

आणि घाटापुरती एक खास सूचना. दाबातून सुटलेला वायू इतका थंड असतो की हवेतली वाफ गोठून पांढरा ढग तयार होतो. पावसाळ्यात खंडाळ्याचे धुके आणि हा ढग यांत डोळ्यांना फरक कळणार नाही. जमिनीलगत सरकणारे दाट धुके, त्यातच फुस्स असा मोठा आवाज आणि उलटलेला टँकर असे दिसले, तर त्याला धुके समजू नका. शिवाय दिसणाऱ्या ढगाच्या बाहेरही न दिसणारा, पेट घेऊ शकणारा वायू पसरलेला असतो.

सीएनजी आणि हायड्रोजन हे हवेपेक्षा हलके, ते मोकळ्यावर लवकर वर जातात; पण छपराखाली, बोगद्यात ते वरच्या बाजूला साचतात. कोणता वायू आहे हे कळेपर्यंत मात्र तो जड आहे असेच धरून वागावे.

टँकरवरचा फलक लांबूनच वाचा

धोकादायक माल नेणाऱ्या प्रत्येक वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यावर चार अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, तातडीच्या संपर्काचा फोन असतो आणि चौकटीत तिरपे चिन्ह असते. लाल चिन्हावर ज्वाळा आणि खाली २ हा आकडा असेल, तर आत ज्वालाग्राही वायू आहे. खाली ३ असेल, तर पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव.

थोडे क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०७७ म्हणजे प्रोपिलीन, १९७८ म्हणजे प्रोपेन, १२०३ म्हणजे पेट्रोल, १२३० म्हणजे मिथेनॉल. १००५ हा अमोनिया आणि १०१७ हा क्लोरीन. या दोघांत आगीपेक्षा विषाचा धोका मोठा आणि दोन्हींपासून लांब पळणे हाच पहिला उपाय. टँकरवर हे आकडे इंग्रजी अंकांत असतात. फलक वाचायला जवळ जाऊ नका. सुरक्षित अंतरावरून मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून दिसला तर ठीक. नाही दिसला, तरी थांबू नका. चालकाच्या केबिनमध्ये मालाची माहिती देणारे ट्रेमकार्ड असते. चालक शुद्धीवर असेल आणि बाहेर आलेला असेल, तर त्याला फक्त एवढे विचारा, ‘काय भरलंय?’

तुम्ही गाडीत असाल तर

समोर टँकर आडवा दिसला की पुढे सरकून ‘काय झाले’ ते पाहण्याचा मोह होतो. तिथेच थांबा. टँकर जवळ असेल, वायूचा ढग किंवा आवाज असेल तर:

१. इंजिन बंद करा. ढग गाडीपर्यंत आधीच आला असेल, तर बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका आणि दुसरे कोणतेही बटण चालू-बंद करू नका.

२. किल्ली गाडीतच ठेवा, दारे कुलूपबंद करू नका. मदतपथकाला गाडी हलवावी लागते.

३. मुले आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन पायी निघा. सामान काढत बसू नका.

४. वारा पाहा. गवत, झाडाची पाने, ओढणीचे टोक, काहीही चालेल. टँकरकडे तोंड केल्यावर वारा पाठीवर येत असेल, तर सरळ मागे, आलात त्याच दिशेने चला. वारा टँकरकडून तुमच्या तोंडावर येत असेल, तर ढग तुमच्याच दिशेने येतो आहे. तेव्हा सरळ मागे पळून त्याच्याशी शर्यत लावू नका. रस्ता आणि डोंगर जशी वाट देतील तसे वाऱ्याला आडवे निघा, ढगाच्या बाजूला व्हा आणि मग लांब जा.

५. चढाच्या बाजूला जागा असेल तर तीच निवडा. कठडा ओलांडून दरीत किंवा ओढ्यात उतरू नका. समोरच्या मार्गिकेवरून वेगाने येणाऱ्या गाड्यांचेही भान ठेवा. आंधळेपणाने दुभाजक ओलांडणारा गॅसऐवजी गाडीखाली सापडेल.

६. विडी-सिगारेट, काडेपेटी, लायटर यांना हात लावू नका. वाटेतल्या प्रत्येक गाडीला ‘इंजिन बंद करा, मागे चला’ असे सांगत जा. हीच तुमची मोठी मदत.

किती लांब? आंतरराष्ट्रीय आपत्कालीन मार्गदर्शिकेनुसार ज्वालाग्राही वायूची गळती असेल तर चारी बाजूंना किमान १०० मीटर, मोठी गळती असेल तर वारा वाहतो त्या दिशेला ८०० मीटर, आणि टँकर आगीत सापडला असेल तर चारी बाजूंना १६०० मीटर, म्हणजे दीड किलोमीटरहून अधिक मोकळे करायचे असते. सामान्य माणसाने मोजपट्टी लावत बसू नये. आग असेल तर टँकर नजरेआड होईपर्यंत चालायचे, मध्ये डोंगराचा आडोसा आला तर उत्तम.

भातण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत अशा बोगद्यांत अडकलात, तर टँकरपासून दूरच्या तोंडाकडे, भिंतीच्या कडेने, शांतपणे चालत बाहेर पडा. बंद जागेत वायू विरळ होत नाही, म्हणून बोगद्यात गाडीत बसून वाट पाहणे धोक्याचे आहे.

टँकर कित्येक किलोमीटर पुढे असेल आणि तुम्ही फक्त कोंडीत असाल, तर घाबरून पळायचे कारण नाही. इंजिन बंद ठेवा, कडेची मार्गिका मोकळी ठेवा. अग्निशमन दलाचा बंब त्याच वाटेने जायचा असतो. तिथे घुसवलेली एक गाडी पुढच्या हजारोंचा खोळंबा करते. घाटातून जाताना पिण्याचे पाणी, थोडे खाणे, औषधे आणि लहान मुलांच्या गरजेच्या वस्तू गाडीत असाव्यात, हे फेब्रुवारीच्या त्या रात्रीने शिकवले आहे.

खबर कशी द्यावी

सुरक्षित अंतरावर आल्यावरच फोन करा. ११२ हा सर्व तातडीच्या मदतीचा क्रमांक, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका. स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६. ‘घाटात टँकर पलटी झालाय’ एवढ्यावर फोन ठेवू नका. घाटात पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. फोन एका जिल्ह्यात आणि अपघात दुसऱ्या जिल्ह्यात असे होऊ शकते. म्हणून असे सांगा:

‘द्रुतगती मार्ग, मुंबईच्या दिशेची बाजू, आडोशी बोगद्याच्या अलीकडे, किलोमीटरचा दगड अमुक. गॅसचा टँकर आडवा पडलाय. फलकावर १०७७ आकडा आहे. पांढरा ढग दिसतोय, आग नाही. वारा खोपोलीकडून वर येतोय. चालक केबिनमध्ये अडकलाय.’

जागा, दिशा, क्रमांक, आग आहे की नाही, वारा, अडकलेली माणसे. या सहा गोष्टींवरून पथकाला कुठून यायचे, काय आणायचे ते ठरवता येते. चुकीच्या, वाऱ्याखालच्या बाजूने आलेला बंब स्वत:च संकटात सापडतो.

आग लागली असेल तर

गळणाऱ्या वायूची ज्योत विझवण्याचा प्रयत्न करू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण गळती थांबवता येत नसेल तोवर जळती ज्योत बरी. ती विझवली आणि वायू येतच राहिला, तर तो पसरतो, साचतो आणि पुढची ठिणगी त्या सगळ्या साठ्याला एकदम पेटवते. प्रशिक्षित जवान टाकी लांबून पाण्याने थंड ठेवतात. गळतीच्या जागेवर किंवा सुरक्षा झडपेवर पाणी मारत नाहीत, कारण तिथे बर्फ धरतो.

सर्वांत भीषण प्रकार म्हणजे आगीत तापलेली टाकीच फुटणे. आतला द्रव उकळतो, दाब वाढतो, जिथे ज्वाळा लागते तिथला पत्रा मऊ पडतो आणि टाकी फाटते. क्षणात आगीचा प्रचंड गोळा उठतो आणि पत्र्याचे तुकडे शेकडो मीटर उडतात. याला कधी पंधरा-वीस मिनिटेही लागत नाहीत. झडपेतून येणारा आवाज चढत जाणे आणि टाकीचा रंग बदलणे ही फुटण्याआधीची लक्षणे आहेत. ती दिसली की जवानही मागे हटतात. आपण तर तिथे असताच कामा नये.

११ जुलै १९७८ रोजी स्पेनमध्ये लॉस आल्फाकेस या समुद्रकाठच्या शिबिरस्थळाजवळ प्रोपिलीनचा, क्षमतेपेक्षा जास्त भरलेला टँकर फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक सुट्टी घालवायला आलेली. लोणावळ्याच्या रस्त्याकडेच्या बंगल्यांनी आणि रिसॉर्टांनी हे उदाहरण मनात ठेवावे. आपल्याकडे २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोटा इथे ट्रक धडकून गॅसचा टँकर गळू लागला. काही वेळातच ढग पेटला आणि मागेपुढे असलेली तीसहून अधिक वाहने जळाली. आसपास थांबलेली वाहने आणि त्यातली माणसे ही त्या आगीची वाट होती. जवळ थांबू नका, हे म्हणूनच पुन:पुन्हा सांगावे लागते.

भाजलेल्याला, गुदमरलेल्याला मदत

जखमी धोक्याच्या भागाबाहेर आल्यावरच हे उपचार करायचे.

आगीने भाजले असेल तर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कापडाने सैल झाका.

द्रव वायू अंगावर उडाला तर थंडीने भाजते. त्वचा पांढरी, बधिर पडते. ती चोळू नका, शेकू नका. कोमट पाणी सोडा. कपडा त्वचेला गोठून चिकटला असेल, तर ओढून काढू नका; आधी पाण्याने मोकळा होऊ द्या.

ढगात सापडलेल्याला गरगरणे, अडखळणे, बेशुद्धी येऊ शकते, कारण वायू हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. त्याला मोकळ्या हवेत आणा, श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला ते तंत्र येत असेल तर छातीवर दाब द्या, १०८ ला कळवा. त्याच्या कपड्यांत वायू असू शकतो, म्हणून जवळ विडी किंवा दिवा नको. मात्र ढगात पडलेल्या माणसाला आणायला श्वसनसाधनावाचून आत शिरू नका. एकाला आणायला दुसरा, दुसऱ्याला आणायला तिसरा, अशी रांग लागून घरे उजाड झाली आहेत.

गावाने आधीच करायची कामे

कुरवंडे, कुणे, खंडाळा आणि आसपासच्या वस्त्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्यावा. खर्च फारसा नाही.

पहिले काम, नकाशा. टँकर जातात ते रस्ते, त्यांच्याकडून गावाकडे उतरणारे ओढे-नाले, खोलगट वस्त्या आणि उंचावरची जमण्याची जागा, हे शाळेच्या मुलांकडूनही काढून घेता येईल. जमण्याच्या जागा दोन ठरवा, वेगवेगळ्या दिशांना. वारा एकीकडे फिरला तर दुसरी कामी येते. पावसाळ्यात वारा कोकणातून वर येतो. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा डोंगरावरून खाली घसरते. हे गावातल्या जाणत्यांना पुस्तकाविना ठाऊक असते. ते ज्ञान नकाशावर उतरवा. एका उंच काठीवर कापडी फडके बांधले, तर लांबूनही वारा कळतो.

दुसरे, याद्या. अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, गरोदर महिला, अपंग. प्रत्येकासाठी हात देणारे दोन शेजारी नावानिशी ठरवा.

तिसरे, निरोप. देवळाचा भोंगा, शाळेची घंटा, मोबाइलवरचा गट यांपैकी काय वापरायचे ते ठरवा आणि निरोप एकच ठेवा: ‘चूल, गॅस बंद. बटणांना हात नको. अमुक जागी चला.’ वायू आधीच दारात आला असेल, तर दिव्याचे बटण दाबू नका. चालू ते चालू, बंद ते बंद राहू द्या. गोठ्यातली दावी सोडायला वेळ असेल तर सोडा, नसेल तर माणसे आधी.

चौथे, बंदोबस्त. तरुणांनी अपघाताकडे जाणाऱ्या वाटा अडवाव्यात. चित्रीकरणासाठी कड्यावर जमणारी गर्दी रोखणे हे बचावकार्यच आहे.

पाचवे, सराव. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनुसार जिल्हा आणि स्थानिक स्तरावर आपत्ती गटांची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने ठराव करून रंगीत तालीम मागावी. कुरवंड्याच्या शेजारीच आयएनएस शिवाजी आहे, नौदलाची प्रशिक्षण संस्था; तिथे आग आणि रासायनिक संकटांशी झुंजायलाही शिकवतात. अशा शेजाऱ्याकडे मार्गदर्शनाची रीतसर विनंती करायला संकोच कशाला?

मुलांना शाळेत एवढेच पाठ करू द्या: थांबा, वारा पाहा, वर चढा, कळवा. नागफणीवर सहलीला नेलेल्या मुलांना घाट दाखवताना विचारा, ‘तिथे टँकर पडला तर ओढा कुठून जातो? वारा आत्ता कुठून येतोय? आपण कुठे जाऊ?’ ज्या मुलाने बोट दाखवून नीट उत्तर दिले, त्याच्या घरातली चार माणसे त्या दिवशी कुठे जायचे ते जाणत असतील.